ऐकण्याचा परवाना

आमच्या घरी माडीवरच्या जुन्या ट्रंकेत वाटणीपत्राच्या नकला, आजोबांची पत्रिका आणि कोणाच्या तरी मुंजीतील आहेराची यादी यांच्या शेजारी एक लहानशी पुस्तिका आजही जपून ठेवलेली आहे. तीवर वडिलांचे संपूर्ण नाव, आत दर वर्षाचे चिकटवलेले तिकीट, आणि त्या प्रत्येक तिकिटावर पोस्टमास्तरांनी जन्माचे वैर असल्यासारखा हाणलेला शिक्का. हा रेडिओचा परवाना. घरात रेडिओ ठेवावयाचा तर त्या काळी तो पोस्टातून काढावा लागे आणि वर्षाच्या वर्षाला त्याचे नूतनीकरण करावे लागे. परवा नातवाने ती पुस्तिका उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “आजोबा, म्हणजे नुसतं ऐकायला पैसे?”

त्याला हसू आले, मला मात्र सरकारचे शहाणपण जाणवले. बोलण्यावर कर नव्हता, कारण जी क्रिया पारावर, न्हाव्याच्या दुकानात आणि देवळाच्या ओट्यावर अहोरात्र विनासायास चालू असते, तिच्यावर कर बसविला तर वसुलीसाठी गावोगाव नवी कचेरी उघडावी लागली असती. ऐकणे ही मात्र दुर्मिळ आणि प्रयत्नसाध्य अशी चैन असल्यामुळे, ज्याला ती परवडते त्याने चार पैसे भरावेत हे न्याय्यच होते. आणि पैसे भरलेला मनुष्य खरोखरच ऐकत असे. आमच्या नावावर एक गुंठाही जमीन नसताना वडील शेतकऱ्यांसाठी असलेला कार्यक्रम, परवान्याची रक्कम अंगी लावून घ्यावयाचीच अशा निर्धाराने, शेवटच्या नमस्कारापर्यंत ऐकत. ऐंशीच्या दशकात हा परवाना बंद झाला, आणि माझे असे ठाम मत आहे की, फुकट मिळालेल्या वस्तूची जी गत होते तीच तेव्हापासून श्रवणकलेची झाली.

हे सर्व आठवण्याचे कारण असे की, आमच्या तालुक्याच्या गावी आता एक सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, आणि येथे सर्व काही उलटे आहे: ऐकणे फुकट, परवाना बोलण्यासाठी. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाल्यावर, माझा आवाज बरा आहे अशी माझी समजूत आणि मला दुसरा उद्योग नाही अशी घरच्यांची खात्री, या दोन कारणांनी मी तेथे स्वयंसेवक झालो.

बोलण्याचा हा अधिकार जनतेला कोणी चळवळ करून मिळवून दिला अशी जर कोणाची कल्पना असेल तर ती चुकीची आहे. तो क्रिकेटच्या कृपेने मिळाला. सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावे यावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा आणि केंद्र सरकारचा जो तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याचा निकाल देताना न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने १९९५ च्या फेब्रुवारीत असे ठरविले की, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. माझ्या महसुली भाषेत सांगावयाचे तर, आकाशाचा सातबारा इतकी वर्षे सरकारच्या नावे होता, तो न्यायालयाने फेरफार करून रयतेच्या नावे केला. परंतु सातबाऱ्यावर नाव लागणे आणि प्रत्यक्ष कब्जा मिळणे यांत किती अंतर असते हे ज्याने एकदा तरी कचेरीची पायरी चढली आहे त्याला सांगावयास नको. सरकारने २००२ साली शिक्षणसंस्थांना अशी केंद्रे काढण्याची मुभा दिली आणि २००६ साली ती स्वयंसेवी संस्थांना मिळाली. त्यातही व्यक्तीला परवाना नाही, राजकीय पक्षाला नाही. संस्था निदान तीन वर्षे जुनी हवी. आणि अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे गेल्यावर त्यावर गृह आणि संरक्षण या खात्यांचाही शेरा हवा. आमच्या हरिपाठाच्या मंडळीपासून देशाच्या सीमांना काही धोका नाही अशी संरक्षण खात्याची खातरजमा झाली, तेव्हा मंडळींना आनंद झाला. फक्त पखवाज वाजविणाऱ्या गृहस्थांचा चेहरा किंचित उतरल्यासारखा वाटला.

परवान्याबरोबर आलेल्या अटी मी चौतीस वर्षांच्या सवयीने तांबड्या शाईने अधोरेखित करून वाचल्या आणि मसुदा लिहिणाऱ्या अज्ञात बांधवाबद्दल मला आदर वाटला. मनोरा तीस मीटरहून उंच नको. प्रक्षेपणाची शक्ती शंभर वॅटच्या आत हवी; म्हणजे आमच्या गणेशोत्सवाच्या मांडवात प्रवेशद्वारावर जितका उजेड पाडतात त्याहूनही कमी बळावर आम्ही तालुक्याचे प्रबोधन करावयाचे. निदान अर्धे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झालेले असावेत. जाहिराती, आरंभीच्या नियमाप्रमाणे, तासाला पाच मिनिटांपेक्षा अधिक नसाव्यात. ही अट आम्ही कधीच मोडली नाही, कारण जाहिरात देण्याजोगी दुकाने गावात सात आणि त्यांतील तिघांची उधारी. प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने सांभाळून ठेवावे, अशीही एक अट आहे. पण भाऊबंदकीत एकदा निसटलेला शब्द तीन पिढ्या सांभाळणाऱ्या गावाला तीन महिन्यांचे ओझे कसले?

एवढ्या शक्तीचा आवाज सपाटीवर दहा-बारा किलोमीटर जातो, पुढे दमतो. आमच्या पूर्वेला डोंगर आहे, त्यातील खिंडीपाशी तर तो एखाद्या थकलेल्या वारकऱ्यासारखा बसूनच राहतो. या भौगोलिक वस्तुस्थितीचे सामाजिक परिणाम प्रथम स्त्रियांच्या ध्यानात आले. ज्यांचे माहेर खिंडीच्या अलीकडे आणि सासर पलीकडे, त्या सासरच्या मंडळींविषयी अत्यंत मोकळेपणाने बोलू लागल्या. उलट स्थिती असणाऱ्या मात्र भेंडीच्या लागवडीवर बोलतानासुद्धा सासूबाईंचा उल्लेख दोनदा आदराने करीत. विचारस्वातंत्र्याची मर्यादा राज्यघटनेत कोठे आखलेली आहे हे मला ठाऊक आहे. आमच्या तालुक्यात ती खिंडीत आहे.

केंद्राची जागा म्हणजे एका सहकारी सोसायटीचे जुने खताचे गोदाम. त्याच्या एका कोपऱ्यात भिंतींना गोधड्या ठोकून आणि छताला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवून ध्वनिमुद्रणाची खोली केलेली आहे. गोधड्या गावातील घरोघरच्या असल्यामुळे पाहुणा बोलावयास बसला म्हणजे प्रथम भिंतीकडे पाहतो आणि, “ही आमच्या आत्याच्या नऊवारीची दिसते,” असे म्हणून विषय विसरतो. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दार बंद, आणि पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणात उतरते म्हणून पंखाही बंद. अशा त्या खोलीत, एप्रिलच्या मध्यान्ही, आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्यांनी कोटाशिवाय पाहिलेले नाही, ते अंगात फक्त बनियन आणि हातात घामाने भिजून गेलेला कागद अशा अवस्थेत “उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी” या विषयावर धीरगंभीर स्वरात भाषण करीत असलेले मी काचेतून पाहिले आहेत. श्रोत्यांना दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका असे बजावून झाल्यावर ते स्वतः बाहेर पडले आणि ओट्यावर मटकन बसले. त्यांना गुळाचा खडा आणि पाणी देण्यात आले, जे दोन्ही उपाय त्यांनी आपल्या भाषणात सुचविलेलेच होते.

परंतु खरी गंमत माणसाच्या आवाजाची आहे. माईक समोर आला की मनुष्य बदलतो. बाजारात उभी राहून कोथिंबिरीच्या जुडीवरून तीन आळ्यांना ऐकू जाईल असा सवाल-जवाब करणारी बाई येथे येऊन कुजबुजू लागते. आणि एरवी ज्याच्या तोंडून शब्द काढावयास सुईणच आणावी लागावी असा ग्रामसेवक अखिल भारताला उद्देशून बोलू लागतो. आपली नेहमीची भाषा घरी ठेवून यावयाची असते अशी सर्वांची समजूत. दूध घालावयास पहाटे चारला उठणारे एक गृहस्थ केंद्राच्या ओट्यावर आम्हांला सांगत होते, “गाभण म्हस हाय, तिला वल्ल्या जागंत बांधायची न्हाई.” इतके स्वच्छ वाक्य मी कोणत्याही शासकीय परिपत्रकात वाचलेले नाही. दार बंद झाले, तांबडा दिवा लागला, आणि तेच गृहस्थ म्हणाले, “पशुधनाच्या संदर्भात विचार केला असता आपणांस असे आढळून येते की...” त्यांना काय आढळून आले ते शेवटपर्यंत बाहेर आले नाही. आपण सर्वांनी इतकी वर्षे आकाशवाणी ऐकलेली आहे की, रेडिओ आपल्या मालकीचा झाला तरी आवाज मात्र आपण भाड्यानेच आणतो.

वास्तविक या बाबतीत आपणांस इतके दबून जाण्याचे कारण नाही. “आकाशवाणी” हा शब्द रेडिओला प्रथम लावला तो सरकारने नव्हे, म्हैसूरमध्ये प्रा. गोपालस्वामी नावाचे मानसशास्त्राचे एक प्राध्यापक होते, त्यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरात स्वतःचे केंद्र सुरू केले, त्याचे हे नाव. सरकारने ते पुढे उचलले. म्हणजे घराघरातून बोलणारा हौशी मनुष्य हाच या व्यवसायातील मूळ पुरुष, आणि सरकारी निवेदक नंतरचा. हे मी केंद्राच्या मासिक सभेत सप्रमाण मांडले, तेव्हा आमच्या संगीत शिक्षकांनी लगेच उठून, सरकारचीही एक परंपरा असते याची आठवण दिली. ते डॉ. बा. वि. केसकरांचे भक्त. केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असताना त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीच्या दारातून जवळजवळ हद्दपार केले आणि देशाला अभिजात संगीताचा काढा पाजला. परिणामी सगळा देश सिलोन केंद्राकडे वळला. आमच्या शिक्षकांनी बुधवारची रात्र आपल्याकडे मागून घेतली आणि तोच काढा तालुक्याला त्याच मात्रेत दिला. परिणामही तोच झाला. फरक इतकाच की, सिलोन आता दूर राहिलेले नसून प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये आहे.

नियमावलीतील सर्वांत कठीण कलम बातम्यांचे. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यावयाच्याच तर आकाशवाणीच्या, काना-मात्रा न बदलता. पाणी, वीज, हवामान, परीक्षा, यात्रा यांविषयी सूचना देण्यास मात्र प्रत्यवाय नाही. त्यामुळे नळाला पाणी सकाळी सहा वाजता येईल असे आम्ही रोज सांगू शकतो, कारण ती सूचना. ते आले नाही असे सांगितले की ती बातमी. आणि एखाद्या दिवशी ते खरोखरच आले तर त्याला काय म्हणावे, यावर केंद्राच्या समितीचे अद्याप एकमत झालेले नाही.

या कलमाची खरी कसोटी लागली ती एका म्हशीच्या प्रकरणात. वरच्या आळीतील एका शेतकऱ्याची म्हैस सुटून गेली आणि ते भल्या सकाळी केंद्रात येऊन, “एवढं रेडिओवर सांगा,” म्हणाले. अशा वेळी कोणीही शहाणा मनुष्य सरळ सांगून टाकील. पण आम्ही समिती होतो. “म्हैस हरवली” ही घडलेली घटना असल्यामुळे ती बातमी ठरते, असा आक्षेप माजी ग्रामसेवकांनी घेतला. “म्हैस सापडल्यास कळवावे” ही विनंती आहे, बातमी नव्हे, अशी तोड मी काढली. त्यावर मुख्याध्यापकांनी असे दाखवून दिले की, विनंतीच्या पोटात बातमी गर्भित आहे, कारण न हरवलेली म्हैस सापडत नाही. अखेर दोन तासांच्या खलानंतर ठराव झाला की, सायंकाळच्या पशुसंवर्धनविषयक कार्यक्रमात “म्हशीची निगा” हा पाठ घ्यावा आणि त्यात उदाहरणादाखल डावे शिंग मोडलेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक म्हैस कल्पावी. त्याप्रमाणे इतिवृत्त लिहिले, सह्या झाल्या, पाठ तयार झाला. इकडे म्हैस, जिला सामुदायिक रेडिओची काहीच कल्पना नव्हती, ती धारेची वेळ होताच आपल्या पायांनी गोठ्यात येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मालक पुन्हा हजर: “आता घावली म्हणून सांगा.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. ती तर बातमीच होती.

गावात स्थानिक दूरचित्रवाणीही आहे, म्हणजे केबलवाल्याची वाहिनी. पण तिच्याविषयी फार लिहावे असे नाही. तीवर दिवसभर वाढदिवसांची छायाचित्रे सरकत असतात, मध्येच कोणाच्या तरी लग्नाची ध्वनिचित्रफीत लागते, आणि “भावी नगरसेवक” या पदनामाने जे तरुण हात जोडून उभे दिसतात त्यांचे भविष्य गेली दहा वर्षे तेथेच अडकलेले आहे. खेड्यातल्या लोकांना हाताशी धरून दूरचित्रवाणी करता येते, हे गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे १९७५ पासून अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने करून दाखविले होते. त्याचा गंध आमच्या वाहिनीला लागलेला नाही. रेडिओला एक सोय आहे: तेथे चेहरा दिसत नसल्यामुळे निदान काहीतरी बोलावे लागते.

बोलणारे आम्हांला कधीच कमी पडले नाहीत. प्रश्न निराळाच होता, आणि तो विचारण्याचे धैर्य पहिली तीन वर्षे कोणास झाले नाही: ऐकतो कोण? १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली होती. आठवड्यातून दोनदा मंडळी रेडिओभोवती जमत, अर्धा तास ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न पुण्याला लिहून पाठवीत. म्हणजे बोलणारे मूठभर आणि ऐकणारे हजारो. आम्ही ते प्रमाण मोठ्या कष्टाने पालटले होते. आमच्या स्वयंसेवकांपैकी प्रत्येक जण स्वतःचा कार्यक्रम ऐकतो, तोही मुलाबाळांना गप्प बसवून. आणि तो संपताच, पुढचा कार्यक्रम शेजाऱ्याचा असल्याने, रेडिओ बंद करतो.

मी स्वतः दर गुरुवारी “कचेरीतील आठवणी” सांगत असे. तीन वर्षांत एकही पत्र आले नाही. एका गुरुवारी अंगात ताप असल्याने मी गेलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतून जाताना तेथील शिंप्याने मशीन थांबवून मला हाक मारली, “साहेब, काल बोलला न्हाईत? तो कूळकायद्याचा दावा अर्धा ऱ्हायलाय.” मी जागीच उभा राहिलो. चौकशीअंती असे कळले की, त्याच्या रेडिओची खुंटी दोन वर्षांपूर्वी तुटली ती काटा आमच्या केंद्रावर असताना, आणि तेव्हापासून सकाळच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या नमस्कारापर्यंत तो सर्वच ऐकतो. मुख्याध्यापकांचे आरोग्य, संगीत शिक्षकांचे राग, गाभण म्हैस, सगळे त्याला पाठ. एक आजी जात्यावरच्या ओव्या म्हणावयास आल्या होत्या. त्या माईकला न घाबरता, त्याच्याकडे न पाहताच, जणू समोर पीठच पडत आहे अशा लयीत म्हणत राहिल्या. तो कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत असताना मी काचेमागे बसून वेळ किती झाला ते पाहत होतो. शिंपी म्हणाला, “त्या आजी म्हणत हुत्या, तवा दुकानात चार गिऱ्हाइकं हुती. कुनी माप द्यायचं नाव घेईना. मीबी पाय काढून बसलो मशीनवरचा.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी किंवा तेलंगणात माचनूरचे दलित स्त्रियांनी चालविलेले संघम रेडिओ, २००८ साली सुरू झालेल्या या केंद्रांचे एवढे नाव का घेतात. तेथील बाया रेडिओवर बोलतात म्हणून कौतुक होते. पण त्या ज्यांच्याशी बोलतात त्या बाया कामाचा हात न थांबवता कान देतात, हे अर्धे काम आपण मोजीतच नाही.

मी उत्साहाच्या भरात शिंप्याला म्हटले, “मग तुम्ही या की एकदा. अर्धा तास बोला. कापडावर बोला, गिऱ्हाइकांवर बोला.” त्याने दातांतील दोरा काढला, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “साहेब, मी तिकडं येऊन बोलाय लागलो, तर हितं ऐकायचं कुनी?”

हा प्रश्न मी पुढील मासिक सभेत जसाच्या तसा मांडला. प्रथमच असे झाले की, सभेत कोणी बोलले नाही. नंतर एक ठराव एकमताने संमत झाला आणि त्याअन्वये पुढील सूचना आता रोज सायंकाळी प्रसारित होते. ती बातमी नाही याची समितीने खातरजमा केलेली आहे. वाचकांपैकी कोणी खिंडीच्या अलीकडे राहत असल्यास त्यांच्यासाठी ती येथेही देतो:

“केंद्राकडे बोलणारे स्वयंसेवक भरपूर आहेत. ऐकणारे हवे आहेत. रेडिओ जुना असला तरी चालेल, खुंटी तुटलेली असल्यास उत्तम. परवान्याची आवश्यकता नाही.”